सॅमनची ऊ आणि सरकारी मोजदाद

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर, डोंगर चिरून आत शिरलेल्या फ्योर्ड नामक खोल खाड्यांत, जाळ्यांच्या गोल पिंजऱ्यांतून जो सॅमन मासा वाढविला जातो, त्याला लागणाऱ्या सागरी उवेने त्या देशाच्या मत्स्योद्योगाला गेली कित्येक वर्षे हैराण करून सोडले आहे. जेमतेम सेंटीमीटरभर लांबीची, मागे अंड्यांच्या दोन माळा ओढीत फिरणारी ही मादी माशाचा श्लेष्म, त्वचा आणि रक्त यांवर जगते. आणि मोकळ्या समुद्रात जे भक्ष्य तिला शोधत फिरावे लागले असते, ते येथे एकेका पिंजऱ्यात दोन लाखांपर्यंत आयते कोंडलेले असते. खाद्यातून दिलेले एमामेक्टिन तिने पचविले, हायड्रोजन पेरॉक्साइडच्या स्नानालाही ती दाद देईनाशी झाली; उवा टिपणारे लम्पफिश सोडले, तर तेच पिंजऱ्यांत मोठ्या संख्येने मरू लागले; आणि तीस अंशांच्या आसपासच्या पाण्यातून मासा काढण्याची यंत्रे आली, तेव्हा आपल्याला कोमट वाटणारे ते पाणी थंड समुद्रातील त्या जिवाला यातना देते, हे उघडकीस आले.

या पार्श्वभूमीवर ओस्लोच्या स्टिंगरे कंपनीने 2014 च्या सुमारास व्यवहारात आणलेले लेसरयंत्र स्वागतार्हच मानले पाहिजे. पिंजऱ्यात टांगलेले त्याचे कॅमेरे पोहत्या माशाच्या अंगावरील ऊ हेरतात आणि माशाला हात न लावता किरणाच्या एका झोतात तिला जाळतात. मात्र ऊ मारली म्हणजे मासा जगला, हा हिशेब आम्हांस मान्य नाही. 2023 साली नॉर्वेच्या सागरी पिंजऱ्यांत सुमारे 6 कोटी 28 लक्ष सॅमन मेले. त्यांतील किती उवेने आणि किती उवेवरील उपचारांच्या हाताळणीने, हा प्रश्न यंत्र विकणाऱ्यास गैरसोयीचा असला तरी परवाना देणाऱ्याने विचारलाच पाहिजे.

नॉर्वे सरकारचे खरे कर्तृत्व आम्हांस यंत्रापेक्षा दप्तरात दिसते. दर माशामागे सरासरी अर्धी प्रौढ मादी, आणि रानटी सॅमनची पिले समुद्राकडे निघतात त्या वसंतात 0.2, इतकीच ऊ तेथील कायदा खपवून घेतो. 2017 पासून किनाऱ्याचे तेरा विभाग पाडून, उवेपायी त्या पिलांपैकी तीस टक्क्यांहून अधिक मरत असल्याचा अंदाज येईल तेथे उत्पादनच सहा टक्क्यांनी घटविण्याचा हुकूम निघू शकतो. मत्स्यपालकांनी त्याविरुद्ध न्यायालय गाठले आणि ते हरले, हेही बरेच झाले.

आंध्रातील ज्या तळ्यांतून आपल्या बाजारात बर्फात घातलेला रोहू येतो, तेथे आर्ग्युलस नावाची वेगळी ऊ आहे, आणि तिच्यावर कीटकनाशकाची बाटली रिकामी करण्याची वहिवाटही आहे. तेथील मत्स्यव्यवसाय खात्याने लेसरच्या चित्रफिती पाहण्यापूर्वी प्रत्येक तळ्यात मासे किती सोडले, उवा किती आढळल्या आणि औषध किती ओतले, याची नोंदवही सक्तीची करावी, आणि ती तपासण्यास निरीक्षक नेमावेत.