‘करावं लागतं’ कुठल्या रकान्यात लिहायचं?

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांची काळजी घेणाऱ्यांचा अभ्यास करताना कुटुंबाविषयीची कर्तव्यभावना मोजणारी एक प्रश्नावली वापरली जाते. उतारवयात आईवडिलांनी मुलांजवळ राहावं, नातलगांच्या अडचणीला धावून जावं, अशा धर्तीची विधानं वाचून दाखवायची. समोरच्याने ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ यांपैकी एकावर खूण करायची. गुणांची बेरीज म्हणजे त्या व्यक्तीची कुटुंबनिष्ठा! या पट्टीचं मूळ साबोगाल आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली अमेरिकेतल्या लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांमध्ये केलेल्या अभ्यासात आहे. कर्तव्य वाटणं, घरच्यांच्या आधाराचा भरवसा असणं आणि घरच्यांच्या मताने चालणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी तेव्हाच दाखवलं होतं.

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात अशा पट्ट्या वापरायला मी शिकले. कामात त्या हाताळते. तरीही माझं म्हणणं असं, की ही पट्टी आपल्याकडच्या सुनेसमोर जशीच्या तशी धरली, तर तिची मूल्यं मोजली जात नाहीत. मोजलं जातं ते तिचं घरातलं स्थान.

आधी भाषेचंच पाहा. म्हाताऱ्या माणसाची काळजी घेण्याला बायका ‘काळजी घेणं’ म्हणतच नाहीत. ‘सासूबाईंचं मीच करते’ असं म्हणतात. या ‘करणं’ला आपल्याकडे किती रूपं आहेत! करावंसं वाटतं. करायला हवं. करायचंच असतं. करावं लागतं. नाही करून सांगते कुणाला? प्रत्येकात कर्तव्य आहे, पण कुठे माया, कुठे रीत, कुठे नाइलाज आणि कुठे निव्वळ धाक. प्रश्नावलीच्या भाषांतरात या सगळ्यांचं एकच ‘पाहिजे’ होतं. आणि ते कुणी करायला पाहिजे, हे तर विधानात बहुधा नसतंच. ‘मुलांनी सांभाळलं पाहिजे’ याला मुलगा सहमत होतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे बायको असते. सून सहमत होते तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे उद्या सकाळची ओली चादर असते. गुण मात्र दोघांना सारखे.

एका घरी मी वाचत होते आणि ती बाई मान न वर करता एकेका विधानाला ‘सहमत’ म्हणत होती. मध्येच हळूच म्हणाली, “लिहा की ताई सगळीकडं सहमत. हे बाहेरच बसलेत.” दाराआड नवरा, आतल्या कॉटवर सासू, आणि त्यात ‘तुमचं प्रामाणिक मत सांगा’ म्हणणारी मी! ‘तुम्हाला ओझं वाटतं का?’ हा प्रश्न तर अशा घरात विचारणंच अवघड. सासऱ्याला ओझं म्हणणारी सून कशी असते, हे तिला लहानपणापासून ऐकवलेलं असतं.

अशा उत्तरांतून जो आकडा येतो त्याचं पुढे काय होतं, हा खरा प्रश्न आहे. कर्तव्यभावना उंच निघाली की ‘आपली कुटुंबव्यवस्था भक्कम आहे’ म्हणायला सगळे मोकळे. मग दिवसभराची काळजीकेंद्रं कशाला? घरी येणारी परिचारिका कशाला? वास्तविक कुटुंबमूल्यं घट्ट असली की ताण कमी होतो ही समजूत संशोधनातही टिकलेली नाही. नाइट आणि सायेग यांनी २०१० मध्ये निरनिराळ्या समाजांतले अभ्यास पडताळून तिला प्रश्न केला. त्याच वर्षी स्पेनमध्ये लोसादा आणि सहकाऱ्यांना दिसलं, की आधाराचा भरवसा ताण हलका करतो, पण कर्तव्याचा भाग ‘सगळं मीच केलं पाहिजे’ अशा विचारांशी जोडला गेला की तो जाचक ठरू शकतो.

आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. त्यातही बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त. म्हणजे आजारीही बाई आणि करणारीही बाई. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के स्त्रिया घरच्यांची काळजी घेण्यात वेळ देताना दिसल्या, पुरुष २१.४ टक्के. यात मुलांचं करणंही आलं, तरी वाटणी कळायला पुरेसं आहे. गंमत अशी, की आईवडिलांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यात ‘अपत्ये’ म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. त्यात सून नाही. २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात तिला आणि जावयाला आणायचं घाटत होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. कायद्याने जिच्यावर जबाबदारी टाकलेली नाही तीच रात्री तीनला उठून दाराची कडी तपासते.

म्हणून मोजणंच सोडून द्या, असं मी म्हणणार नाही. आकड्यांशिवाय सरकारदरबारी कुणी बसायलाही सांगत नाही. पण मोजायचं तर बाईला एकटीला गाठून विचारावं, तिच्या मैत्रिणीकडे, दवाखान्याच्या रांगेत, कुठेही. घरातल्या प्रत्येकाला तीच विधानं द्यावीत, पुरुषांना आधी. शेजारी कालच्या दिवसाचे तास लिहावेत: अंघोळ, जेवण भरवणं, शी-शू, घराबाहेर निघून गेलेल्याला शोधणं. आणि एक प्रश्न वाढवावा: ‘तुम्ही नाही म्हणालात तर काय होईल?’

आम्ही काही घरांत असं करून पाहिलं. एका मुलाने प्रत्येक विधानापुढे ‘पूर्ण सहमत’ केलं. मग ‘काल आईचे कपडे कोणी बदलले?’ या प्रश्नाशी तो थांबला, आणि स्वयंपाकघराकडे वळून त्याने विचारलं, “अगं, काल आईचे कपडे कोणी बदलले?”

हा नमुना अजून कच्चा आहे. शहरातल्या, त्यातही पगारी बाई ठेवता येणाऱ्या घरांत तो वेगळा करावा लागेल, कारण तिथे करणारी बहुधा तिसऱ्याच घरची सून असते. तिच्या घरी तिच्या सासूचं कोण करतं, हा रकाना आम्ही अजून घातलेला नाही. ज्या गटांना आपल्या भागात हे करून पाहायचं असेल त्यांनी तो घालून पाहावा आणि काय उत्तरं येतात ते कळवावं.