भिंग कोणत्या अंतराचे घ्यावे?

पेणचा गणपती घरी आणताना आपण आधी पाहतो ते त्याचे डोळे. अंग साच्यातून निघते, रंगही हल्ली स्प्रेने देता येतो. परंतु डोळ्यांची आखणी म्हणजे हाताचे काम. बारीक कुंचला, स्थिर हात आणि दीड फुटावरचे स्वच्छ दिसणारी नजर, या तिहींवाचून ती रेघ नीट उतरत नाही. त्याच पेणच्या रामवाडीत एस.टी.च्या रायगड विभागाचे कार्यालय आहे. एस.टी.च्या चालकाला मात्र निराळीच नजर लागते. त्याला पाहायचा असतो लांबचा रस्ता, आणि तोही रात्री, समोरून दिव्यांचे झोत अंगावर येत असताना!

समजा, पन्नाशी उलटल्यावर या दोघांनाही मोतीबिंदू झाला. मग दोघांच्या डोळ्यांत एकाच तऱ्हेचे भिंग बसवून चालेल काय? मुळीच नाही. पण शस्त्रक्रियेला निघालेल्या घरात खर्च, रजा आणि सोबत कोण राहणार यांचीच चर्चा होते. भिंग कोणत्या अंतराचे, हा प्रश्न विचारायचाच राहून जातो.

आपल्या डोळ्यातले निसर्गदत्त भिंग मोठे गुणी. तरुणपणी ते आपला फुगवटा कमी-जास्त करून लांबचे आणि जवळचे दोन्ही दाखवते. चाळिशीनंतर ते ताठर होते, म्हणून वाचायला चष्मा लागतो. पुढे ते गढुळते, तोच मोतीबिंदू. शस्त्रक्रियेत हे गढूळ भिंग काढतात आणि त्याच्याच पातळ पिशवीत कृत्रिम भिंग ठेवतात. हल्ली दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून घडी घातलेले भिंग आत जाते व तेथे उलगडते. मात्र साधे कृत्रिम भिंग एकाच अंतरावर नेमके काम करते. ते अंतर आधीच ठरवावे लागते.

या भिंगाची जन्मकथा मोठी मनोरंजक आहे. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या फुटलेल्या छताचे ॲक्रिलिकचे कण शिरत. तरीही डोळा त्यांच्यावर फारसा चिडत नाही, हे लंडनचे डॉक्टर हॅरल्ड रिडली यांनी हेरले. त्याच जातीच्या पदार्थाचे भिंग त्यांनी १९४९ साली प्रथम माणसाच्या डोळ्यात बसवले. भिंग टिकले, परंतु त्याच्या शक्तीचा हिशेब चुकला आणि रोग्याला फार मोठा उणे नंबर आला. म्हणूनच आता शस्त्रक्रियेपूर्वी डोळ्याची समोरून मागच्या पडद्यापर्यंतची लांबी मोजतात. ती साधारणपणे २३ ते २४ मिलिमीटर असते, आणि मोजण्यात एक मिलिमीटर चुकला तर चष्म्याचा नंबर अडीच-तीनने बदलतो!

आता आपल्या दोघांकडे वळू. चालकाला लांबचे भिंग बरे. वाचायला चष्मा लागेल, एवढेच. आखणी करणाऱ्याने मात्र डॉक्टरांशी बोलून मुद्दाम सव्वादोनच्या आसपास उणे नंबर ठेवून घेतला, तर दीड फुटावरचे त्याला बिनचष्म्याचे दिसेल. चष्मा लागेल तो लांबचे पाहायला. ‘दोन्ही दाखवणारे भिंगच का नको?’ असे कोणी विचारील. अशी मल्टिफोकल भिंगे मिळतात, आणि पुष्कळांचा चष्मा त्यांनी सुटतोही. परंतु ती आलेला प्रकाश वाटून घेतात. त्यामुळे काहींना रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात आणि अंधूक उजेडात वस्तू फिकट भासतात. रात्री गाडी हाकणाऱ्याने हे तोलून पाहावे. महाग भिंग सर्वांनाच सोयीचे, असे गणित येथे चालत नाही.

मोतीबिंदू नसताना केवळ चष्मा सुटावा म्हणून चांगले भिंग बदलून घेण्याचीही आता सोय आहे. पन्नाशीच्या पुढे, विशेषतः मोठा अधिक नंबर असलेल्यांना तिचा उपयोग होतो. पण पंचविशी-तिशीतल्या मुलामुलींनी त्या वाटेला जाण्याआधी शंभरदा विचार करावा. निरोगी भिंग गेले की जवळ-दूर जुळवून घेण्याची त्याची शक्तीही गेली; आणि मोठा उणे नंबर असलेल्यांच्या डोळ्यातला पडदा सुटण्याचा धोका या शस्त्रक्रियेने वाढतो. लग्न ठरायचे आहे, तेवढ्यासाठी चष्मा नको, हे कारण त्यापुढे फारच थिटे!

उलट आजीचा मोतीबिंदू ‘पिकू दे, मग पाहू’ म्हणत बसणे हेही आता जुने झाले. फार पिकलेले भिंग कठीण होते व काढायला अवघड जाते. तांदूळ निवडता येईनात, जिन्याची पायरी चुकू लागली, की वेळ आली असे समजावे.

तेव्हा दिवाळी आटोपून डॉक्टरांकडे जाल, तेव्हा नंबराच्या कागदाबरोबर रोग्याचा दिवसही त्यांना सांगा. सकाळी पोथी वाचता की वर्तमानपत्र, शिवण करता की गाडी चालवता, रात्री बाहेर पडता की नाही. लाजून गप्प बसू नका. डोळ्याची लांबी यंत्र मोजील. त्या डोळ्यांनी काय पाहायचे आहे, ते मात्र तुम्हीच सांगायला हवे.