सिंधुबंदी की सनदबंदी?

आमच्या सुशिक्षित वर्गात काही समज असे रुजून बसले आहेत की, त्यांस कोणी पुरावा मागत नाही आणि कोणी देतही नाही. त्यांपैकी एकाचा समाचार घेण्याचे आम्ही आज योजिले आहे. तो समज असा : इंग्रज हे जात्याच दर्यावर्दी, म्हणून शिडाच्या जहाजांच्या युगात ते आशियाच्या व्यापाराचे धनी झाले, आम्ही पडलो सिंधुबंदी मानणारे, समुद्र ओलांडला की धर्म बुडाला म्हणणारे, म्हणून दर्या आमच्या हातून गेला. हे विधान आम्ही विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत असंख्य वेळा वाचले आहे, व्याख्यानपीठांवरून ऐकले आहे. आणि खरे सांगावयाचे तर विद्यार्थिदशेत आम्हीही ते लिहून चांगले गुण मिळविले आहेत. तेव्हा प्रस्तुतचा लेख काही अंशी प्रायश्चित्त म्हणूनच वाचावा.

या समजाचा गोडवा असा की, तो दोन्ही पक्षांस सोईचा आहे. इंग्रजास त्यात आपल्या शौर्याची स्तुती सापडते, आणि आमच्याकडील सुधारकास जुन्या शास्त्रावर कोरडा ओढण्यास एक आयते निमित्त मिळते. परंतु वादी व प्रतिवादी एका सुरात बोलू लागले म्हणजे न्यायाधीशाने अधिक सावध व्हावे, हे बरे.

प्रथम सिंधुबंदीचेच पाहू. बौधायनाच्या धर्मसूत्रात समुद्रगमन हे पातकांत गणले आहे, आणि पुढील निबंधकारांनी त्याचा समावेश कलिवर्ज्यांत केला, हे कोणी नाकारीत नाही. प्रश्न एवढाच की, ही आज्ञा ऐकत कोण होते? कोकणचा कोळी, भंडारी, खारवी, कोकणी मुसलमान, कच्छ-काठेवाडचा नाखवा, मलबारचा मापिला, यांनी बौधायन वाचला नव्हता, व वाचला असता तरी त्यांचे पोट त्यावर चालत नव्हते. सिंधुबंदी पाळली ती मुख्यतः ज्यांस समुद्रावर जाण्याचे कारणच नव्हते त्यांनी! आपल्या घरातील सोवळ्यावरून साऱ्या देशाचा इतिहास लिहिण्याची खोड आम्हां पांढरपेशांस फार जुनी आहे.

सतराव्या शतकातील सुरत डोळ्यांपुढे आणावी. तेथील जैन सावकार वीरजी व्होरा याच्याकडून इंग्रजांची वखार वेळोवेळी कर्ज काढीत असे. त्या शतकाच्या अखेरीस मुल्ला अब्दुल गफूर या एका व्यापाऱ्याच्या मालकीचा जहाजांचा ताफाच तांबड्या समुद्रापर्यंत येजा करीत होता. १६९५ साली हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्याने प्रथम याच गफूरचे एक जहाज लुटले, व पाठोपाठ यात्रेकरू घेऊन परत येणारे बादशाही जहाज ‘गंज-इ-सवाई’ हेही लुटले. आमचा प्रश्न साधा आहे. ज्या देशाने समुद्राकडे पाठ फिरविली होती, त्या देशाची जहाजे लुटण्यास इंग्लंडचे चाचे सहा हजार कोसांवरून कशास आले असते? ओसाड घरावर कोणी दरोडा घालीत नाही.

आता दुसरी बाजू. इंग्रजांचा आशियातील व्यापार उभा राहिला तो ज्या पायावर, त्या पायाचे नाव सनद. ३१ डिसेंबर १६०० रोजी एलिझाबेथ राणीने लंडनच्या व्यापाऱ्यांच्या एका मंडळीस केप ऑफ गुड होपपासून मॅगेलनच्या सामुद्रधुनीपर्यंतच्या व्यापाराचा मक्ता दिला. या टापूत दुसऱ्या कोणा इंग्रजाने मंडळीच्या परवानगीवाचून व्यापार केल्यास त्याचे जहाज व माल जप्त होई. म्हणजे ज्या साहसाचे पोवाडे गाइले जातात, त्या साहसास त्याच्या मायदेशातच पहिला अडसर घातला गेला. पहिल्या सफरीवर १६०१ साली जेम्स लँकेस्टर चार जहाजे घेऊन निघाला. इंग्लंडच्या लोकरी कापडास सुमात्रा-जावाकडे गिऱ्हाईक मिळेना. तेव्हा मलाक्याच्या सामुद्रधुनीत एक पोर्तुगीज जहाज पकडण्यात आले, व त्यात सापडलेल्या हिंदी कापडावर मसाल्याचे पदार्थ खरेदी झाले. आरंभच असा झाला! पुढेही कंपनीच्या पहिल्या शतकातील निर्यातीचा फार मोठा भाग चांदीचा होता. कारण आशियास हवे असे दुसरे काही इंग्लंडजवळ फारसे नव्हते.

कंपनीची जहाजे म्हणून जी प्रसिद्ध आहेत, त्यांचीही कथा ऐकण्यासारखी आहे. सतराव्या शतकाच्या मध्यानंतर कंपनी बहुतेक जहाजे स्वतः न बांधता भाड्याने घेऊ लागली. ती पुरविणाऱ्या मालकांचे लंडनमध्ये एक बळकट टोळके बनले. जहाज ठराविक सफरी करून निकामी झाले म्हणजे त्याच्या जागी नवे जहाज पुरविण्याचा हक्क त्याच मालकाकडे राही. कप्तानाची जागा हजारो पौंडांस विकली जाई, व विकत घेणारा ती किंमत आपल्या खाजगी व्यापारातून वसूल करी. अठराव्या शतकाच्या अखेरीस ही विक्री बंद करावी लागली, इतकी ती बोकाळली होती. आमच्याकडील देशमुखी व कुळकर्णाच्या वतनांस नावे ठेवणाऱ्यांनी थेम्स नदीवरील या वतनदारीकडेही एकदा पाहावे. आमचे वतन निदान जमिनीवर तरी होते, यांचे तरंगते!

मालाच्या बाबतीतही तोच न्याय. हिंदी छिटांनी इंग्लंडच्या बाजारात जम बसविताच तेथील विणकरांनी आरडाओरड केली, व १७०० च्या कायद्याने रंगीत व छापील हिंदी कापड देशात वापरण्यासाठी आणण्यास बंदी झाली. तेवढ्याने भागेना, म्हणून १७२० च्या कायद्याने असे कापड अंगावर घालणेही गुन्हा ठरले. जहाजांविषयी तर १६५१ व १६६० चे नौकानयनाचे कायदे होतेच. इंग्लंडात येणारा आशियाचा माल इंग्रजी जहाजातूनच आला पाहिजे, आणि त्या जहाजावर कप्तान व तीनचतुर्थांश खलाशी इंग्रज असले पाहिजेत, हा त्यांचा मथितार्थ. सिंधुबंदी ती हीच! फरक इतकाच की, आमची पोथीत राहिली आणि यांची बंदरावर अंमलात आली.

कोणी म्हणेल, हे कायदे डच लोकांकरिता केले. तुमच्याजवळ जहाजे होतीच कोठे? याचे उत्तर आमच्या मुंबईच्या गोदीत आहे. लवजी नसरवानजी वाडिया हा पारशी सुतार १७३६ साली सुरतेहून मुंबईस आला, आणि त्याच्या घराण्याने पुढे शतकाहून अधिक काळ येथे सागवानी जहाजे बांधली. इंग्लंडातील ओकच्या लाकडातील आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागातील तेलाने ते टिकतात, व लाकूडही लवकर कुजत नाही. याच गोदीत जमशेटजी बमनजी याच्या हाताखाली ‘मिंडेन’ (१८१०) व ‘कॉर्नवॉलिस’ (१८१३) ही चौऱ्याहत्तर तोफांची लढाऊ जहाजे इंग्रजी आरमारासाठी तयार झाली. येथेच १८१७ साली पाण्यात सोडलेले ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडातील हार्टलपूल बंदरात तरंगत आहे. दोनशे वर्षांनंतरही जे बुडाले नाही, ते बांधणाऱ्यांस नौकाविद्या अवगत नव्हती असे म्हणण्यास फारच धाडस पाहिजे.

कलकत्त्याचीही गोष्ट अशीच. १८०० साली गव्हर्नर-जनरल वेलस्लीने वरिष्ठांस कळविले की, इंग्लंडास माल नेण्यायोग्य अशी हिंदुस्थानात बांधलेली सुमारे दहा हजार टनांची जहाजे एकट्या कलकत्ता बंदरात उभी आहेत. तत्पूर्वी १७९५-९६ च्या सुमारास इंग्लंडात धान्याची टंचाई पडली असता बंगालची जहाजे तांदूळ घेऊन थेम्सवर गेली होती. भुकेल्या माणसाने ताट आणणाऱ्याचे आभार मानावे. परंतु लंडनच्या जहाजबांधणाऱ्यांनी एकच गिल्ला केला की, ही जहाजे येऊ दिल्यास आमची मुलेबाळे उपाशी मरतील. हा खुल्या स्पर्धेच्या पूजकांचा पवित्रा! आरमारासाठी मुंबईचा साग चाले. व्यापारासाठी मात्र तो डोळ्यांत खुपे.

जहाजांहून विदारक कथा माणसांची आहे. शिडाच्या जहाजावर डोलकाठीवर चढणारे हात पाहिजेत, आणि आशियाच्या पाण्यात ते हात बहुतांशी आमच्या लोकांचे होते. युद्धकाळी इंग्रज खलाशी आरमारात ओढून नेले जात, शिवाय तापाने व हगवणीने मरत. मग परतीच्या वाटेवर सारंग व तांडेल यांच्या हाताखाली हिंदी खलाशांच्या टोळ्या भरल्या जात. या लोकांस इंग्रज ‘लास्कर’ म्हणत. पगार इंग्रज खलाशाहून कितीतरी कमी, थंडीचे कपडे अपुरे, आणि लंडनला पोहोचल्यावर परतीचे जहाज मिळेपर्यंत शॅडवेल येथील कोंडवाड्यात मुक्काम. त्या जागेची दैना १८१४-१५ साली पार्लमेंटच्या समितीपुढे आली होती. आणि एवढे करून १८२३ च्या कायद्याने काय ठरविले? हिंदी खलाशी इंग्रजी राज्याच्या मुलुखात जन्मला असला तरी तो ब्रिटिश खलाशी समजला जाणार नाही! करापुरता तो प्रजाजन, वादळापुरता तो खलाशी, हक्कापुरता मात्र कोणीच नाही. ज्यांच्या हातांनी शिडे उभारली गेली, त्यांस समुद्राचे वावडे होते, असे आम्ही त्यांच्याच नातवंडांस शिकवावे, याहून अधिक कृतघ्नपणा तो कोणता?

येथे प्रतिपक्षास न्याय दिला पाहिजे. हॅरिसनचे सागरी घड्याळ, त्यावरून रेखांश काढण्याची युक्ती, किनाऱ्यांचे बारकाईने केलेले नकाशे, लॉइड्सचा विमा, अनेकांचे भांडवल एकत्र करून जोखीम वाटून घेण्याची पद्धत, या गोष्टींत इंग्रज आमच्या पुढे होते, व ते त्यांनी कष्टाने मिळविले होते. ते नाकारणे पोरकटपणाचे होईल. परंतु या गुणांचे पीक सनद व कायदा यांच्या कुंपणाआड वाढले, हे सांगावयाचे का टाळावे?

आणि आमचा दोष काय? तो आहे, व तो शास्त्राच्या पोथीहून फार गंभीर आहे. पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांस दहशत बसेल असे आरमार आंगऱ्यांचे होते. तुळाजी आंगरे डोईजड झाला, म्हणून नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५ साली सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत वॉटसन व क्लाइव्ह यांच्या तोफांपुढे ते आरमार जळून खाक झाले. घरातील भांडण मिटविण्यासाठी घरच पेटवून दिले! पुण्याच्या दरबारास समुद्र हा राज्याचा भाग वाटला नाही, हा तो दोष. आमच्या धनिकांचाही एक आहे. मुंबईच्या पेढ्यांनी कापसाबरोबर माळव्याची अफू चीनला धाडली; सर जमशेटजी जीजीभाई यांच्या संपत्तीचा मोठा ओघ त्याच व्यापारातून आला, आणि त्यांच्या दानधर्माची फळे आम्ही आजही चाखतो. त्या अफूपायी झालेल्या युद्धाचा तह १८४२ साली नानकिंग येथे ज्या जहाजावर झाला, ते होते ‘कॉर्नवॉलिस’, आमच्याच गोदीत बांधलेले. जहाज आमचे, अफू आमची. राज्य, नफा व तह त्यांचे. यात अभिमानास जागा थोडी आणि विचारास पुष्कळ आहे.

आता या नाटकाचा शेवटचा अंक. कंपनीचा हिंदुस्थानच्या व्यापाराचा मक्ता १८१३ साली व चीनच्या व्यापाराचा १८३३ साली संपला. नौकानयनाचे कायदे १८४९ साली बहुतांशी रद्द झाले. रद्द कोणी केले? ज्यांस आता त्यांची गरज उरली नव्हती, त्यांनी. दोनशे वर्षे दुसऱ्यांच्या घोड्यांचे पाय बांधून आपला घोडा पुढे काढला, आणि मग जाहीर केले की शर्यत सर्वांस खुली आहे. त्यानंतर आलेल्या पंडितांनी मागे पडलेल्या घोड्यांच्या रक्ताची तपासणी आरंभिली, व निदान केले की, यांच्या जातीतच वेग नाही!

हा केवळ जुन्या जहाजांचा प्रश्न असता तर आम्ही वाचकांचा वेळ घेतला नसता. आजही जगाच्या व्यापारी जहाजांवर भारतीय खलाशी व अधिकारी मोठ्या संख्येने आहेत. आणि आजही आपल्या परदेशी व्यापाराचा फारच थोडा भाग आपल्या मालकीच्या जहाजांतून जातो. हात आपले, जहाज दुसऱ्याचे, ही १८२३ ची स्थिती पुष्कळ अंशी कायमच आहे. जो विद्यार्थी असे शिकतो की, आम्ही सिंधुबंदीने बुडालो, तो या स्थितीवर उपाय म्हणून फार तर पूर्वजांस दोष देईल आणि स्वस्थ बसेल. जो असे शिकेल की, दर्या मिळतो तो मालकी, विमा, भांडवल व कायदा यांच्या जोरावर, आणि जातो तोही त्यांच्याच अभावी, तो निदान योग्य दारावर धडक देईल. यापुढे आमच्या हाती येणाऱ्या उत्तरपत्रिकेत तो जुना सिद्धांत आढळल्यास आम्ही त्यास गुण देणार नाही, आणि आमच्या स्वतःच्या त्या जुन्या उत्तरपत्रिकेचेही वजा करू.