पालकसभेचा उपदेश आणि बुडणारा रोज

श्रमिक पालक उदासीन असतात, हा सत्ताधाऱ्यांचा आवडता आरोप! भिलाईजवळील रसमडासारख्या औद्योगिक क्षेत्रात ठेकेदाराकडे राबणाऱ्या आईने कामाच्या वेळेत पालकसभेस यावे कसे? रोज बुडवून? ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी परिसरात पालकांना दोष दिला नाही. बालवाडीच कष्टकऱ्यांच्या अंगणात नेली. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजनेत शासनाने अंगणवाडीचा स्वीकार केला. सेविकेला मात्र वेतनाऐवजी ‘मानधन’ दिले. तिचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य होण्यास २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय लागला. पालकांचा सहभाग उपदेशाने येत नाही. सेविकेला कामगाराचा दर्जा आणि पालकांना सभेसाठी भरपगारी सुट्टी, हीच त्याची पूर्वअट आहे!