घाट, घसारा आणि शिरस्त्राण

नंदुरबार, शहादा, तळोदा या बाजारपेठांचा सातपुड्याशी असलेला संबंध पिढ्यानपिढ्यांचा आहे. धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला; परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून धडगाव-मोलगीकडचा आमचूर खाली उतरत होता आणि खालचे कापड, मीठ, किराणा वर चढत होता. वाहने मात्र बदलत गेली. बैलगाडीनंतर सायकल आली. पुढे नगरच्या फिरोदिया कुटुंबाच्या कायनेटिकने 1972 मध्ये लुना बाजारात आणली आणि वसुलीला जाणाऱ्या माणसाची तंगडतोड थांबली. आज पेढीवरचा तरुण शंभर किंवा सव्वाशे सीसीच्या मोटारसायकलीवर, मागे मालाचे गाठोडे बांधून, आठवडे बाजार गाठतो.

ज्या रस्त्यांनी तो जातो, ते रस्ते मात्र साधे नाहीत. तळोद्याकडून धडगावला जाताना चांदसैली घाट लागतो. अक्कलकुव्याहून मोलगीला जाताना देवगोई घाट. शहाद्याहून तोरणमाळला चढायचे तर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअकराशे मीटरपर्यंतची चढण आहे आणि शेवटच्या टप्प्यात वळणांमागून वळणे येतात. पावसाळ्यात दरडीतून सुटलेले दगड व माती वळणावर येऊन बसतात. उन्हाळ्यात तेच ठिकाण बारीक खडीने आणि धुळीने निसरडे होते. दुकानातील मालाचा विमा, गोदामाचा विमा, उधारीची नोंद, सर्व काही चोख ठेवणारी पेढी या प्रवासाकडे मात्र ‘पोरगा जाऊन येईल’ एवढ्याच दृष्टीने पाहते, हे आश्चर्य आहे.

आकडे कठोर आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी 74,897 म्हणजे सुमारे 44.5 टक्के दुचाकीवरील होती. शिरस्त्राण न घातल्याने दगावलेल्यांची संख्या 50,029 होती आणि त्यांतील 14,337 जण मागे बसलेले होते. शेवटचा आकडा विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. शिरस्त्राण ही चालकाची वस्तू आहे आणि मागे बसणाऱ्या आईला, पत्नीला किंवा नोकराला ती लागत नाही, असा एक समज घरोघरी रुजलेला आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम 129 हा भेद करीत नाही. चार वर्षांवरील प्रत्येकाला ते लागू आहे.

दुचाकी अवघड वाटेवर कशी चालवावी, याचे एक संपूर्ण शास्त्र जगात विकसित झालेले आहे. ‘ट्रायल’ नावाचा हा क्रीडाप्रकार वेगाचा नाही, तोलाचा आहे. खडक, ओढे, उभे चढ यांवरून मोटारसायकल न्यायची आणि पाय जमिनीला लागू द्यायचा नाही. एकदा पाय टेकला की एक दंडगुण, दोनदा टेकला की दोन, तीन किंवा अधिक वेळा टेकला तर तीन; गाडी पडली किंवा अडकली तर पाच. शेवटी ज्याचे दंडगुण सर्वांत कमी, तो विजयी. स्कॉटलंडमधील सहा दिवसांची ट्रायल स्पर्धा 1911 पासूनची आहे. स्पेनचा तोनी बोऊ 2007 पासून या खेळात वर्षानुवर्षे विश्वविजेता ठरत आला आहे. या स्पर्धेच्या गाडीला बसायला सीट जवळजवळ नसतेच, वजन सत्तर किलोंच्या आसपास असते आणि स्वार सारा वेळ पायदानांवर उभा असतो. आपल्याकडे हा खेळ फारसा रुजलेला नाही. परंतु त्यातील स्वारांच्या सवयी घाटात माल नेणाऱ्या तरुणाने पाहाव्यात अशा आहेत.

पहिली सवय यंत्र तपासण्याची. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस त्याचे खूर, दात, भोवरे पाहिल्याशिवाय पैसे मोजत नाही. त्याच जिल्ह्यातील मोटारसायकल मात्र टायर गुळगुळीत होईपर्यंत कोणी वाकून पाहत नाही. टायरच्या खाचांच्या तळाशी झिजेची खूण म्हणून लहान उंचवटे दिलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायरचे आयुष्य संपले. ट्रायलचे स्वार टायरमधील हवा चार-पाच पौंडांपर्यंत उतरवतात, म्हणजे मऊ टायर दगडाला चिकटून चालतो. हे ऐकून घाटात जाण्यापूर्वी हवा कमी करणारे उत्साही तरुण आढळतात. ही नक्कल घातक आहे. स्पर्धेची गाडी हलकी असते आणि तिचा वेग चालत्या माणसाइतका असतो. माल लादलेल्या गाडीचा मऊ टायर तापतो, वळणावर लोळतो आणि आत ट्यूब असेल तर ती रिमवर सरकून व्हॉल्व्हपाशी फाटते. गाडीवर कंपनीने छापलेला हवेचा दाब, माल असताना आणि नसताना वेगवेगळा, तोच पाळावा. पंपावर हवा भरताना गाडी थंड असावी.

ब्रेकविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण घाटात चढताना नव्हे तर उतरताना माणसे जातात. पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून किंवा इंजिन बंद करून उतार उतरण्याची सवय सर्वत्र आहे. त्यातून वाचणारे पेट्रोल काही रुपयांचे असते. उताराचा सारा भार मग ब्रेकवर येतो. ड्रमच्या आतील लायनर तापतात आणि तापलेले लायनर पकड सोडतात. ब्रेक दाबलेला असतो, पण गाडी थांबत नाही. ज्या गियरमध्ये घाट चढला जातो, साधारण त्याच गियरमध्ये तो उतरावा, म्हणजे इंजिनच गाडीला आवरून धरते. मागील चाकाच्या ड्रमवर बाहेरून एक लहान बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो खुणेपर्यंत पोहोचला की लायनर बदलण्याची वेळ झाली. हे पाहायला मेकॅनिक लागत नाही. ओढ्यातून गाडी बाहेर काढल्यानंतर काही अंतर ब्रेक हलकेच दाबून चालवली तर ओले लायनर सुकतात.

चेनची कथा तशीच. चातुर्मासात चिखल आणि पाणी तेल धुऊन नेते, चेन ताणली जाते, सैल होते आणि एखाद्या धक्क्याला स्प्रॉकेटवरून उतरते. सपाट रस्त्यावर चेन उतरली तर उशीर होतो. चढावर उतरली तर गाडी मागे घसरते. स्प्रॉकेटचे दाते आकड्यासारखे वाकलेले दिसू लागले की केवळ चेन बदलून भागत नाही, संपूर्ण संच बदलावा लागतो. नवी चेन आणि जुने दाते यांचे जमत नाही, नवी चेनही लवकर झिजते. एअर फिल्टर धुळीच्या दिवसांत कंपनीच्या पुस्तिकेतील मुदतीपेक्षा लवकर साफ करावा. ट्रायलचे स्वार हँडलवरील क्लच-ब्रेकचे लिव्हर इतकेच घट्ट करतात की गाडी पडली तर ते तुटण्याऐवजी फिरावेत. घाटात एकट्याने जाणाऱ्यासाठी ही युक्ती मोलाची आहे, कारण तुटलेल्या क्लचच्या लिव्हरने मोलगीहून परतणे सोपे नाही.

मालाची बांधणी हा व्यापाऱ्याचाच विषय. पोते मागील चाकाच्याही मागे बांधले की चढावर पुढचे चाक हलके होते आणि हँडल ऐकेनासे होते. तेच वजन दोन्ही बाजूंना समान, खाली आणि पुढे घेऊन बांधले तर गाडी शहाणी राहते.

आयकराच्या हिशेबात दुचाकीवर वर्षाला 15 टक्के घसारा धरला जातो. घाटाचा घसारा त्याहून मोठा असतो आणि तो वहीत दिसत नाही.

आता अंगावरच्या साधनांकडे. जून 2021 पासून आयएसआय चिन्ह नसलेले दुचाकीचे शिरस्त्राण बनवणे व विकणे निषिद्ध आहे. तरीही रस्त्याच्या कडेला बिनचिन्हाची टोपली मिळतातच. खऱ्या शिरस्त्राणात धक्का शोषण्याचे मुख्य काम बाहेरचे कवच करीत नाही, आतील थर्माकोलसारखा थर करतो. आघात झाला की तो दाबला जातो आणि डोक्यापर्यंत पोहोचणारा धक्का शोषून घेतो. एकदा दाबलेला थर पुन्हा फुलत नाही. म्हणून जोरदार आघात झालेले शिरस्त्राण बाहेरून धड दिसले तरी टाकून द्यावे. पेट्रोलने किंवा थिनरने पुसल्यास कवच कमकुवत होते. पट्टा न लावलेले शिरस्त्राण पहिल्या धक्क्यातच डोक्यावरून निघून जाते.

पडताना माणूस हात पुढे करतो, म्हणून हातमोजे. पाय गाडीखाली सापडतो. म्हणून घोटा झाकणारे बूट, चप्पल मुळीच नको. कोपर, खांदा, गुडघा यांसाठी संरक्षक पट्ट्या असलेले जाकीट व पॅड मिळतात. त्यांवर युरोपीय मानकाची इएन 1621 ही खूण पाहावी. येथे अनेक जैन घरांची एक अडचण असते: मोटारसायकलचे चांगले पोशाख म्हणजे चामड्याचे, अशी समजूत. ती आता जुनी झाली. मजबूत नायलॉनचे विणकाम, अरामिड धागा आणि कृत्रिम मायक्रोफायबर यांचे जाकीट, हातमोजे व बूट उपलब्ध आहेत. त्यांची जाळीदार विण खानदेशातील उन्हाळ्यात चामड्यापेक्षा सोसण्यासारखीही असते. खरेदीपूर्वी तळहाताचा भाग आणि बुटाचे अस्तर कशाचे आहे, एवढे लेबलवर वाचून घ्यावे.

विम्याकडेही एकदा पाहावे. दुचाकीच्या मालक-चालकासाठी 15 लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते. परंतु ते नोंदणीकृत मालक स्वतः परवान्यासह गाडी चालवीत असेल तेव्हाचे. गाडी भागीदारी पेढीच्या किंवा कंपनीच्या नावे असेल तर ते मिळतच नाही. वडिलांच्या नावावरील गाडी मुलगा चालवीत असेल, तर त्या मुलाला त्यातून काही नाही. अशा प्रत्येकासाठी स्वतंत्र अपघात विमा घ्यावा लागतो, आणि त्याचा हप्ता किराणा दुकानाच्या महिन्याच्या सुतळीच्या खर्चापेक्षा फार मोठा नसतो.

पेढीवरच्या नोकराचा प्रश्न अधिक गंभीर आहे. कामाच्या ओघात अपघात झाल्यास भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व आपल्याकडे 1923 च्या कायद्यापासून चालत आले आहे. त्या कायद्याच्या कोष्टकानुसार, 25 वर्षांच्या आणि मासिक 15,000 रुपये वेतन असलेल्या कामगाराचा मृत्यू झाल्यास भरपाई 16,26,825 रुपये होत असे: वेतनाच्या निम्मे, गुणिले 216.91. कायद्याचे बंधन बाजूला ठेवले तरी, ज्या माणसाला वसुलीची रोकड देऊन घाटात पाठवले जाते, त्याच्या डोक्यावर काय आहे हे दुकानाच्या पायरीवरच पाहणे मालकाकडून अपेक्षित आहे. दिवाळीला मिठाईचा डबा देणाऱ्या पेढीने त्याच्या मापाचे शिरस्त्राण व बूट द्यायला हरकत नसावी. ‘मापाचे’ हा शब्द महत्त्वाचा. घरात पडलेले जुने शिरस्त्राण त्याच्या हाती देणे म्हणजे देणे नव्हे. त्याला दुकानात सोबत न्यावे, घालून पाहावे. गाल हलके दाबले गेले आणि डोके हलवल्यावर ते जागचे हलले नाही, तर माप बरोबर. बिल पेढीच्या नावे घेऊन खर्च व्यवसायखाती टाकावा.

एक बाब घरच्या स्त्रियांच्या हाती आहे. चौविहार पाळणाऱ्या तरुणाला सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे असते, आणि दुपारी लांबलेला बाजार आटोपून तो घाईने घाट उतरू लागतो. सकाळी निघतानाच त्याच्या पिशवीत संध्याकाळचा डबा आणि पाणी दिले, तर धडगावातच एखाद्या ओळखीच्या ओट्यावर बसून त्याला वेळेत जेवता येते. उशीर फारच झाला असेल, तर मुक्काम करून सकाळच्या उजेडात चांदसैली उतरावी. घरी फोन करून तसे कळवावे आणि घरच्यांनीही ‘इतका उशीर का?’ असे विचारू नये.