पहिल्याच सेमिस्टरला ‘सी’ राहिला, म्हणून पोरांचं शिक्षण थांबवायचं का?

पहिल्या सेमिस्टरचा निकाल हातात येतो तेव्हा रानात रांगडा कांदा काढणीला आलेला असतो. त्याच दिवसांत संगमनेर, अकोले, पारनेर पट्ट्यातल्या अनेक घरांत एकच बोलणं होतं. पोरगं बीएस्सी कॉम्प्युटरला किंवा बीबीए (सीए) ला घातलेलं असतं. बाकीचे विषय निघालेले असतात, पण ‘सी प्रोग्रामिंग’ राहिलेला असतो. मग वडील म्हणतात, “तुला झेपंना तर सोड, बीएला नाव घाल.” पोरगी असेल तर बोलणं स्थळापर्यंत जातं.

हा निर्णय घाईचा आहे. प्रोग्रामिंगचा पहिला विषय राहणं आणि पोराला डोकं नसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा विषय बुद्धीपेक्षा मशिनवर घालवलेल्या तासांवर जास्त अवलंबून आहे. आणि ते तासच आपल्या पोरांना कमी मिळतात.

हे फक्त खेड्यातलं नाही

डेन्मार्कमधल्या दोन अभ्यासकांनी २००७ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या विद्यापीठांना विचारलं, की प्रोग्रामिंगच्या पहिल्या कोर्सला किती मुलं नापास होतात? उत्तर आलं, सरासरी ३३ टक्के. म्हणजे तिघांत एक. त्यांनीच २०१९ मध्ये पुन्हा पाहणी केली, तेव्हा आकडा २८ टक्के होता. घरी लॅपटॉप आणि शाळेपासून कॉम्प्युटर असलेली मुलंही या विषयात अडखळतात. मग ज्यानं बारावीपर्यंत कीबोर्डला फारसा हात लावला नाही, तो अडखळला तर त्यात नवल काय?

आणखी एक गैरसमज आहे. “आमच्या पोराचं एमएससीआयटी झालंय, त्याला कॉम्प्युटर येतो,” असं पालक सांगतात. एमएससीआयटीत कॉम्प्युटर वापरायला शिकवतात. प्रोग्रामिंगमध्ये कॉम्प्युटरकडून काम करून घ्यायला शिकवतात. ट्रॅक्टर चालवता येणं वेगळं आणि ट्रॅक्टरचं औजार स्वतः बनवता येणं वेगळं.

या विषयात असतं तरी काय?

गावच्या दूध संकलन केंद्रावर काय होतं ते आठवा. दूध मोजलं जातं, मशिन फॅट आणि एसएनएफ दाखवतं, दर ठरतो, पावती निघते. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरतात, त्याच्या खाली गेलं की दर कापतात. दहा दिवसांनी सगळ्या पावत्यांची बेरीज होऊन पगार निघतो.

हेच काम कॉम्प्युटरला सांगायचं असेल तर काय लागतं?

लिटर, फॅट, दर हे आकडे ठेवायला नाव दिलेले डबे लागतात. त्यांना ‘व्हेरिएबल’ म्हणतात. ‘फॅट ३.५ पेक्षा कमी असेल तर दर काप, नाहीतर पूर्ण दर लाव’ ही झाली ‘इफ-एल्स’ची अट. ‘सकाळ-संध्याकाळ धरून दहा दिवसांच्या वीस पावत्यांना हेच कर’ हा झाला ‘लूप’. वीस पावत्या एका ओळीत लावून ठेवल्या की तो ‘अ‍ॅरे’. आणि दर काढायची रीत एकदाच लिहून प्रत्येक दूध उत्पादकासाठी वापरली की ते ‘फंक्शन’. पहिल्या सेमिस्टरचा गाभा बराचसा एवढाच आहे.

मग अडतं कुठं? अगदी बारीक जागी. प्रोग्राममध्ये एक ओळ येते: एकूण = एकूण + आजचं दूध. दहावीच्या गणितात असं लिहिलं तर सर चूक देतील, कारण दोन्ही बाजू सारख्या होऊच शकत नाहीत. पण इथं ‘=’ म्हणजे बरोबर नाही, तर ‘ठेव’. आधीच्या एकूणात आजचं दूध मिळव आणि आलेला आकडा परत त्याच डब्यात ठेव, असा हुकूम आहे तो. ‘बरोबर आहे का?’ असं विचारायचं असेल तर सी भाषेत दोन चिन्हं द्यावी लागतात, ‘==’. एक चिन्ह कमी पडलं तर प्रोग्राम पुष्कळदा चालतो, पण उत्तर चुकीचं देतो.

तसंच मोजणीचं. सी भाषेत ओळीतली पहिली पावती शून्य नंबरची असते आणि विसावी १९ नंबरची. ओळीच्या शेवटी सेमीकोलन राहिला की प्रोग्राम पुढं सरकत नाही, आणि कॉम्प्युटर चूक सांगतो ती इंग्रजीत, तीही कधी कधी भलत्याच ओळीवर. माणूस अर्धं बोलणं समजून घेतो, मशिन घेत नाही. ही सवय लागायला वेळ लागतो आणि ती फळ्यावर पाहून लागत नाही. विहिरीत उतरल्याशिवाय कुणाला पोहता आलंय?

तास जातात कुठं?

आता हिशेब करू. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३० तास धरतात. दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल म्हणजे सेमिस्टरला ६० तास, आठवड्याला चार. कागदावर हे वाईट नाही. पण एका मशिनवर दोन पोरं बसली की प्रत्येकाच्या हाताला येतात ३० तास. त्यातून गॅदरिंग, लाइट जाणं, बंद पडलेली मशिनं आणि उशिरा झालेले प्रवेश वजा करा. उरतं ते किती?

त्यात एसटी. प्रॅक्टिकलची बॅच दुपारी असते आणि गावाकडची गाडी तिच्या वेळेला निघते. गाडी चुकली तर पुढची कधी, याचा भरवसा नाही. म्हणून वाडी-वस्तीवरची पोरं, त्यातही मुली, बॅच अर्धवट टाकून स्टँडवर पळतात. अहिल्यादेवी होळकर योजनेतला मोफत पास बारावीपर्यंतच असतो, पुढं पासाचे पैसे घरातून जातात. जिला जास्त सराव पाहिजे, तिलाच लॅब सर्वात कमी मिळते.

शिकवण्याची रीतही यात भर घालते. अनेक ठिकाणी प्रोग्राम फळ्यावर लिहून देतात, पोरं वहीत उतरवतात, मग जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात काढतात आणि परीक्षेला पाठ करतात. काही लॅबमध्ये अजून निळ्या स्क्रीनचं टर्बो सी चालतं. ते १९९० च्या आसपासचं आहे, आणि आजच्या कॉम्प्युटरवर चालवायला डॉसबॉक्सचा आधार द्यावा लागतो. पाठ केलेला प्रोग्राम जसाच्या तसा आला तर मार्क मिळतात. प्रश्नात दुधाऐवजी वीजबिल आलं की पोरगं गप्प.

सगळा दोष प्राध्यापकांवर टाकणंही बरोबर नाही. हे कोर्स बऱ्याच कॉलेजांत विनाअनुदानित आहेत. शिकवणारे अनेकदा तासिका तत्त्वावर असतात, आणि नेमणूक उशिरा झाली की तेवढा अभ्यासक्रम मागं पडतो. एका माणसाकडं दोन-तीन बॅच आणि ढीगभर जर्नल असली तर तो प्रत्येकाच्या मशिनपाशी किती वेळ उभा राहणार?

इंग्रजीची भीती किती खरी?

थोडी खरी, बाकी फुगवलेली. जुन्या प्रमाणित सी भाषेत राखीव शब्द फक्त ३२ आहेत. इफ, एल्स, फॉर, व्हाइल, रिटर्न असे. रोजच्या वापरात त्यातले निम्मेही लागत नाहीत. खरी अडचण पुस्तकाची आणि चुकीच्या मेसेजची आहे. त्यावर उपाय आहेत. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात सी आणि पायथॉनचे छोटे धडे मराठी आवाजात मोफत मिळतात. सरकारच्या ‘स्वयम’ पोर्टलवर एनपीटीईएलचे कोर्स फुकट पाहता येतात, फी फक्त परीक्षा देऊन सर्टिफिकेट घ्यायचं असेल तर भरायची. स्वयमवरचे ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट पदवीत धरायची मुभा यूजीसीनं २०२१ च्या नियमात दिली आहे. आपलं कॉलेज ती देतं का, हे विचारायला हरकत नाही.

मोबाइलवर शिकता येतं का?

सुरुवात नक्की करता येते. पायथॉन चालवणारी ॲप मोबाइलवर आहेत. गुगल कोलॅब तर ब्राउझरमध्येच उघडतं, फक्त रेंज पाहिजे. बारावीची परीक्षा संपल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंत दोन-तीन महिने मिळतात. रोज तासभर दिला तरी सेमिस्टरच्या प्रॅक्टिकलइतका सराव घरीच होतो. पायथॉनमध्ये लूप समजला की सीमधला लूप समजायला सोपा जातो, लिहिण्याची पद्धत तेवढी बदलते.

पहिल्या वर्षासाठी कर्ज काढून महागडा लॅपटॉप घेण्याची गरज नाही. सी आणि पायथॉन शिकायला ४ जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप पुरतो. त्यावर लिनक्स टाकलं तर सॉफ्टवेअरला एक रुपया लागत नाही.

एआय आल्यावर हे शिकून काय उपयोग?

हा प्रश्न आता पारावरही ऐकू येतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, तेव्हापासून जर्नलमधले प्रोग्राम मोबाइलवर मिनिटात तयार मिळतात. पण सबमिशन झालं म्हणजे शिकून झालं नाही. एआयनं दिलेल्या प्रोग्राममध्ये फॅटची अट उलटी पडली तर ती कोण पकडणार? ज्याला स्वतः लिहिता येतं तोच. संकलन केंद्राच्या मशिननं पावती दिली तरी शहाणा शेतकरी एकदा आकडा तपासतोच. एआयकडून चूक समजून घ्यायला हरकत नाही, मराठीत विचारलं तरी ते सांगतं. उत्तर आयतं घेतलं तर मात्र प्रॅक्टिकलच्या परीक्षेत मशिनपुढं पोरगं एकटंच असतं.

प्रवेशाआधी पालकांनी काय विचारावं?

फी भरायच्या आधी कॉलेजात जाऊन लॅब डोळ्यांनी पाहावी आणि सरळ विचारावं:

- एका मशिनवर किती मुलं बसतात?
- लॅब तासांव्यतिरिक्त, शनिवारी उघडी राहते का?
- विषयाला प्राध्यापक आज आहेत, की नेमायचे आहेत?
- प्रॅक्टिकलची परीक्षा मशिनवर नवा प्रश्न देऊन होते, की जर्नल पाहून?
- बॅचची वेळ आणि आपल्या गाडीची वेळ जुळते का?

कोर्स कोणता, हेही बघावं. पुणे विद्यापीठाच्या बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला बारावीला सायन्स आणि गणित लागतं. २०२४ पासून राज्यात बीसीए, बीबीएसारख्या कोर्सना सीईटी लागू झाली आहे, तिची फॉर्मची तारीख चुकवू नये. मुलींसाठी, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीमध्ये नाव असेल, तर कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक कोर्सच्या शिक्षण व परीक्षा शुल्काला २०२४-२५ पासून पूर्ण माफी आहे. आपला कोर्स त्यात बसतो का, हे कॉलेजच्या ऑफिसात आधीच विचारून घ्यावं.

कॉलेजांनाही फार खर्चाचं काही करावं लागणार नाही. शनिवारी लॅब उघडी ठेवणं, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना पहिल्या वर्षाच्या बॅचला मदतीला बसवणं आणि लांबच्या गावच्या मुलांना सकाळची बॅच देणं, एवढं केलं तरी फरक पडेल. हे ग्रामसभेत ठरणार नाही. त्यासाठी पालकांनी चार-पाच जणांनी मिळून प्राचार्यांना भेटावं लागेल.

आणि विषय राहिलाच असेल तर? एटीकेटी त्यासाठीच असते. पोराला रागावण्याआधी त्याच्यापुढं दहा दिवसांच्या दुधाच्या पावत्या ठेवा. मोबाइलवर का होईना, पगार काढून देणारा प्रोग्राम लिही म्हणावं. पहिल्या दिवशी चुकेल, चौथ्या दिवशीही चुकेल. पण ज्या दिवशी त्याचा आकडा डेअरीच्या आकड्याशी जुळेल, त्या दिवशी त्याला हा विषय झेपतो की नाही, हे घरातल्या सगळ्यांना कळेल.