डाळिंब्या सोलायला तुम्ही बसा

मी सोललेल्या डाळिंब्या विकत घेते. खवलेलं खोबरं, निवडलेली मेथी, फणसाचे काढलेले गरे, गणपतीत उकडीचे मोदक, सगळं जास्तीचे पैसे मोजून घेते. माझ्या संसारात याहून सार्थकी लागलेला पैसा दुसरा नाही. तरी दर वेळी कोणी ना कोणी पुरुषोत्तम पिशवीत डोकावतोच. "एवढे पैसे? घरी सोलायला काय होतं?"

काय होतं ते ऐका. कडवे वाल रात्रभर भिजवायचे, उपसून फडक्यात घट्ट बांधायचे, मोड येईपर्यंत थांबायचं. मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरायचा आणि सालातून अलगद बाहेर काढायचा. जोर जास्त झाला की डाळिंबी दुभंगते आणि उसळीत तिचा लगदा होतो. घरभराच्या उसळीला असे शेकडो दाणे. मान खाली, पाठ वाकलेली, बोटांची टोकं पाण्याने सुरकुतलेली, आणि तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून हाक, "चहाचं काय झालं?" एवढं करून उसळ पानात पडते, पाच मिनिटांत संपते, आणि वर शेरा मिळतो, "गूळ जरा कमी पडला."

हे शेरेबहाद्दर स्वतःला मितव्ययाचे आचार्य समजतात. त्यांचा मितव्यय तपासून बघा. शर्टाला इस्त्री बाहेरून. गाडी पुसायला माणूस. मल्टिप्लेक्समध्ये तिकिटाच्या भावाचे पॉपकॉर्न, आणि तिथे मात्र "घरी मक्याच्या लाह्या फोडायला काय होतं?" असं कोणाच्या तोंडून निघत नाही. अमेरिकेतल्या चिरंजीवांना दिवाळीचा फराळ जातो, चकलीपेक्षा कुरियर महाग पडतं, आणि तो आकडा चारचौघांत अभिमानाने सांगितला जातो. मुलीच्या लग्नात फुलांच्या कमानीवर लाख उधळायचे आणि दुसऱ्या दिवशी ती कमान कचऱ्याच्या गाडीत. तिथे हात सैल! हिशोबाची वही उघडते ती घरातल्या बाईचं काम पैशाने हलकं होणार असेल तेव्हाच. हा शुद्ध फुकटेपणा आहे. तुमची बचत तिच्या पाठीतून वसूल होते.

मी वाढवून सांगत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली देशभर लोकांच्या वेळेची मोजदाद केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा 97. आणि हे 97 कोणाचे? जे घरात हात लावतात त्यांचे. असे पुरुष चारांत जेमतेम एक निघाले. उरलेले तिघे काय करत होते? काटकसरीवर प्रवचन देत असणार.

मग हुकमाचं पान पडतं. "आमची आजी सगळं घरी करायची." करायची ना! तिला कोणी विचारलं होतं का, बाई गं, तुला हे करायचंय का? तिच्या हाताखाली सुना होत्या, लेकी होत्या, आणि त्यांनाही कोणी विचारलं नव्हतं. आजच्या सुनेला संध्याकाळची विरार लोकल गाठायची असते. लेडीज डब्यात बघा, मांडीवर पिशवी पसरून बायका गवार मोडत असतात, मटार सोलत असतात. महिला दिन आला की याच दृश्यावर कौतुकाचे रकाने भरतात, काय ही जिद्द, काय ही कर्तव्यनिष्ठा! दिवसभर नोकरी करून आलेल्या बाईला गाडीतली तासभर विश्रांतीही मिळू नये, यात कौतुक कसलं करता? शरम वाटायला हवी.

आणि हे जास्तीचे पैसे जातात कुठे? दादरच्या बाजारात गोणपाटावर बसलेल्या बाईकडे. तिने आदल्या रात्री तेच वाल भिजवलेत, त्याच कोमट पाण्यात बोटं बुडवलीत. तिच्या घरात या कामाला कवडी मिळत नाही, बाजारात मिळते. त्यातही हे महाशय घासाघीस करतात, "नुसत्या सोलण्याचे एवढे?" हो, नुसत्या सोलण्याचेच. वाल वाण्याकडे कमी पैशांत मिळतात, घेऊन जा.

"पण घरच्याची चव येत नाही." येते. कोणाच्या बोटांनी सोललं हे डाळिंबीला कळत नाही. मोड ताजे असले, फोडणीला जिरं-हिंग चांगलं असलं आणि वर ओलं खोबरं पडलं की उसळ उसळीसारखीच लागते.

तेव्हा बायांनो, त्या पिशवीचा हिशोब कोणालाही देऊ नका, आणि गोणपाटावरच्या बाईशी भाव करू नका. आणि पुरुषोत्तमहो, पैसे फारच डाचत असतील तर शनिवारी रात्री वाल तुम्ही भिजत घाला, मोड आले की परात पुढ्यात घ्या आणि शेवटचा दाणा सोलून होईपर्यंत उठू नका.